उसन्या खुर्च्या

निम्मी वाट सरली तरी सोजरबाई काही बोलली नव्हती. नाल्यावरच्या पुलाशी आल्यावर ती थांबली, चपलेतला खडा झटकला, आणि पुन्हा पाय घालताना म्हणाली, "वैजयंती, तुह्या अंगणवाडीच्या खुर्च्या माह्याच घरी राहून गेल्या वं."

"राहू द्या काकू. खुर्च्यायचं काय घेऊन बसल्या!"

"लेकरायच्या हायेत त्या."

"लेकरं खाली सतरंजीवर बसतात. खुर्च्या लागतात पाव्हण्यायले."

"पाव्हण्यासाठीच तं नेल्या होत्या," सोजरबाई म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.

डाव्या हाताला तुरी फुलांनी पिवळ्या झाल्या होत्या, उजवीकडं हरभरा वीतभर वर आला होता. मार्गशीर्षातली दुपार, ऊन अंगाला बरं वाटणारं. मेडशीच्या पुढं फाट्यावर एसटीतून उतरल्या तेव्हा गावाकडं जाणारी जीप समोरच उभी होती. दोन जागा रिकाम्या होत्या. पण आत खिडकीशी ललिताबाई बसलेली. सोजरबाईनं पदर पुढं ओढला आणि ती रस्त्याच्या कडेनं चालायलाच लागली. जीपवाल्यानं हाक मारली नाही. त्याला ठाऊक होतं. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. कोर्टाची तारीख एकच, गाव एकच, एसटीही पुष्कळदा एकच. ललिताबाई जीपनं जायची आणि सोजरबाई सात किलोमीटर पायी. ही वाट तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की कोणत्या वळणावर सावली सापडते आणि कुठल्या वावरातलं कुत्रं अंगावर येतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आज एवढंच वेगळं होतं, की सोबत कोणीतरी होतं.

ललिताबाईच्या नवऱ्याला, जगदेवला, सोजरबाईच्या हरीओमनं मारलं होतं.

तीन वर्षांपूर्वी दसरा झाला होता, आभाळ भरून आलं होतं, आणि साऱ्यांच्या सोयाबीनच्या सुड्या वावरात उघड्या पडल्या होत्या. हरीओम दुसऱ्याच्या हडंब्यावर, म्हणजे मळणीच्या यंत्रावर, कामाला होता. कोणाची सुडी आधी काढायची यावरून त्याची आणि जगदेवची जुंपली. शब्दाला शब्द वाढला आणि हरीओमनं हातातला लोखंडी पाना जगदेवच्या डोक्यात घातला. जगदेव पडला. पडल्यावर हरीओमनं आणखी एकदा मारलं. मग पाना टाकून तिथंच भुसात बसला, जगदेवचं डोकं मांडीवर घेऊन. लोक म्हणाले पळ, तरी तो पोलीस येईपर्यंत जागचा उठला नाही. एकवीस वर्षांचा होता.

कोर्टानं खून धरला नाही, सदोष मनुष्यवध धरला. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा. नेमकी किती, ते न्यायाधीशांनी ठरवायचं. ठरवण्याआधी त्यांनी घरच्या परिस्थितीचा अहवाल मागवला आणि गेल्या आठवड्यात एक साहेब फाईल घेऊन सोजरबाईच्या घरी आले.

साहेब येणार हे कोतवालानं आदल्या दिवशी सांगितलं आणि सोजरबाईच्या अंगात वारं शिरलं. तीन वर्षांत तिच्या घरात कोणी येऊन बसलं नव्हतं. नळावर बाया तिला आधी पाणी भरू देत, ते मायेनं नव्हे, ती लवकर जावी म्हणून. लग्नाची पत्रिका दारावरून पुढं जाई. संक्रांतीला एकदा तिनं तिळाचे लाडू केले होते. ते महिनाभर डब्यात राहिले आणि शेवटी तिनं शेजारच्या शेळीला घातले. आणि आता घरी माणूस येणार, तोही हरीओमबद्दल विचारायला!

मुलाबद्दल विचारायला घरी माणसं येतात ती सोयरिकीची, एवढंच तिला आयुष्यानं शिकवलं होतं. तेव्हा काय करायचं तेही ठाऊक होतं. तिनं घर सारवून घेतलं. वैजयंतीकडून सहा खुर्च्या आणल्या, कारण सोयरिकीला चार-पाच जण तरी येतातच. वैजयंतीनं विचारलं, "कोण येऊन राह्यलं काकू?" तर म्हणाली, "पाव्हणे." शिऱ्यात तूप सढळ घातलं. आणि साहेब आले ते एकटेच. एका खुर्चीवर बसले, पाच रिकाम्या राहिल्या.

साहेब माणूस चांगला होता. सावकाश विचारत होता.

"मुलाचं लहानपण कसं गेलं?"

"लाडात, साहेब. काई कमी पडू देलं नाही."

"वडील कसे होते?"

"देवमाणूस. भजनात मृदंग वाजवत. गावाले इचारा."

"शाळा सातवीत का सोडली?"

"त्यालेच कंटाळा. आमी लय म्हनलं शिक."

"आता तुमचं कसं चालतं? मुलावाचून अडचण होत असेल."

"नाही जी. वावर हाय, मी हावो. काई तकलीफ नाही. शिरा घ्या न, साहेब."

साहेबांनी शिरा खाल्ला, चांगला झालाय म्हणाले. ते गेल्यावर संध्याकाळपर्यंत तिनं खुर्च्या उचलल्या नाहीत. सहाच्या सहा तशाच ओळीनं ठेवल्या. घर भरल्यावाणी दिसत होतं.

आज कोर्टात तो अहवाल वाचला गेला. 'आरोपीचे बालपण सुस्थितीत गेले. वडील प्रेमळ व धार्मिक. शिक्षण स्वतःच्या अनिच्छेने सोडले. आईचा चरितार्थ स्वतंत्र असून ती आरोपीवर अवलंबून नाही.' ऐकताना सोजरबाईची मान जराशी ताठ झाली होती. एवढ्या मोठ्या जागी आपल्या घराची अब्रू राहिली, असं तिला वाटलं. मग सरकारी वकील उठले आणि तोच कागद हातात धरून म्हणाले, की अशा चांगल्या घरातल्या, कशाची ददात नसलेल्या मुलानं खाली पडलेल्या माणसावर दुसरा घाव घातला. याला दया कशासाठी दाखवायची? मेलेल्या माणसाची दोन लेकरं आहेत. न्यायाधीशांनी हरीओमला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का. हरीओमनं आईकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

हरीओमला सरकारनं दिलेल्या वकीलबाई, नाजिश मॅडम, वाशिमच्याच. त्यांनी एक दिवस मागून घेतला. आईला काही सांगायचं असेल तर उद्या अकराला सांगू द्या, असं न्यायाधीश म्हणाले. बाहेर व्हरांड्यात नाजिश मॅडमनी सोजरबाईला बाकावर बसवलं.

"काकू, त्यानं काय केलं, कसं केलं, हे एका बाजूला. तो कोण आहे, लहानपणी त्याच्यावर काय गुजरलं, त्याच्यामागं कोण आहे, तो सुधरेल का, हे दुसऱ्या बाजूला. जजसाहेब दोन्ही बघतात. पलीकडची बाजू भरलेली आहे, ती भरलेलीच राहणार. दोन घाव आहेत ते आहेत. आपल्या बाजूला मी काय ठेवू? तुम्ही तर ती झाडून-पुसून स्वच्छ करून ठेवली."

"सारवून बी घेतली," सोजरबाई हळूच म्हणाली. नाजिश मॅडमना ते कळलं नाही.

त्या सोबत आलेल्या वैजयंतीकडं वळल्या. "हरीओमनं मला सांगितलं होतं, की जगदेव त्याच्या आईवरून काही बोलला. यांना मी तेव्हा विचारलं, तर म्हणाल्या तसं काही नाही. साक्षीदार म्हणतात फक्त शिवीगाळ झाली. तुम्ही गावातल्या आहात, लिहिता चांगलं. आज यांच्याकडून खरं काय ते उतरवून घ्या. यांना वाचता येत नाही, म्हणून उद्या कोर्टासमोरच तुम्ही वाचून दाखवा, त्या अंगठा देतील. ही शेवटची संधी आहे."

तेव्हापासून सोजरबाई गप्प होती. एसटीत गप्प, फाट्यावर गप्प. आणि आता बोलली ती खुर्च्यांचं.

वैजयंतीनं घाई केली नाही. वाटेत म्हसोबाचा शेंदरी दगड लागला. दोघींनी हात जोडले. सोजरबाईचा उजवा हात कपाळापर्यंत गेला, डावा छातीशीच राहिला. वैजयंतीनं हे पूर्वीही पाहिलं होतं. सोजरकाकूचा डावा हात वर जात नाही, विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या होत्या, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"काकू, हाताचं अजून दुखते?"

"थंडीत दुखते." चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, "मी विहिरीवर पडली नव्हती."

वैजयंतीनं चाल हळू केली.

"दारू पेत नव्हते वं ते. हेच लोकं पाह्यत. जो दारू पेत नाही, भजन करते, तो घरात हात उचलते हे कोनाले सांगू? अन सांगून काय? संध्याकाई त्याच हातानं मृदंग वाजवत, अन इतका गोड वाजवत की मी बी आयकत बसो. त्या दिवशी भाकरीले उशीर झाला. उखळातलं मुसळ होतं हातापाशी." ती थांबली. "हरीओम बारा वर्साचा. कोठीमांगं लपला. मी त्याले डोयानंच सांगतलं, भाईर येऊ नको. त्यानं आयकलं माह्यं. तेवढं एक आयकलं, अन तेच त्याले जन्मभर खात राह्यलं."

"अन शाळा?"

"माह्यानं ना शेण उचलले जाय ना पाणी. कोन करीन? तोच करे. मंग शाळा सुटली ते सुटलीच. तेराव्या वर्सापासून हडंब्यावर जाऊन राह्यला. त्याले कंटाळा कायचा? पुस्तक उशाले घेऊन झोपे तो."

"हे साहेबायले काहून नाही सांगतलं काकू?"

"घरी आलेल्या माणसाले कोनी असं सांगते का?" सोजरबाई खरोखरच चकित होऊन म्हणाली. "तू सांगशीन?"

आपणही खुर्च्या देताना 'पाव्हणे' एवढ्यावरच समाधान मानलं होतं, हे वैजयंतीला आठवलं असावं. कारण थोडा वेळ तीच मान खाली घालून चालत होती.

"जगदेवभाऊ काय बोलले होते?"

पुढं टेकाड होतं. ते चढेपर्यंत सोजरबाईचा दम ऐकू येत राहिला. वर आल्यावर ती दगडावर टेकली. खाली गाव दिसत होतं, मारुतीच्या देवळाचा कळस, त्यापलीकडं टाकी.

"म्हने, 'तुह्या बापानं तुह्या मायचा हात तोडला तवा कोठीमांगं लपून बसला होता तू. आज माह्यावर डोये काढतं का?' धा-बारा माणसायत म्हने. भजनातलीच ती माणसं, भाईर कोनी काढलं नाही. हरीओमनं मले तुरुंगात भेटीले गेली तवा सांगतलं. मी त्याले म्हनलं, हे कोर्टात बोलू नको. तुह्या बापाची अब्रू जाईन. तो म्हने बरं. आज बी मान हलवली त्यानं. पाह्यलं न तू?"

"पण काकू, ही घरातली गोष्ट जगदेवभाऊले कशी ठाऊक?"

"त्यालेच तं ठाऊक होती. त्यानंच मले अकोल्याच्या दवाखान्यात नेलं." सोजरबाईनं डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. "मी तशीच घराभाईर निंघाली, अन वावराच्या बांधावर पडली. त्यानं पाह्यलं. मोटारसायकलवर मले टावेलानं आपल्या पाठीशी बांधलं अन घेऊन गेला. दोन दिवस तिथं राह्यला. तिथंच मी त्याले सारं सांगतलं, मुसळाचं बी, कोठीचं बी. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं, म्हनलं भाऊ, कोनाले सांगू नको, ललितालेबी नाही. तो बोलला, 'माह्या पोटात राहीन वहिनी.' नऊ वर्स राह्यली. ललितालेबी त्यानं ट्रॅक्टरच्या सामानाले गेलो म्हनूनच सांगतलं. नऊ वर्स पोटात ठेवली माणसानं, अन एका दिवशी आभाय पाहून डोक्सं फिरलं अन बोलून गेला. येकच वाक्य बोलला बिचारा."

वैजयंतीच्या मोबाईलला टेकाडावर रेंज आली होती. तिनं विचारून नाजिश मॅडमना फोन लावला आणि जे ऐकलं ते थोडक्यात सांगितलं. मॅडमचा आवाज फोनबाहेरही येत होता.

"हे फार महत्त्वाचं आहे, ताई. मार, लपणं, शाळा, ते वाक्य, सगळं लिहा. फक्त दवाखान्यात जगदेवनं नेलं हे नको. 'गावातल्या एकानं नेलं' म्हणा. खोटं नाही ते. पण नाव आलं की सरकारी वकील म्हणतील, ज्यानं याच्या आईचा जीव वाचवला त्यालाच यानं मारलं. तो मुद्दा विरुद्ध बाजूला जाऊन बसेल. एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. काकूंना सांगा."

"त्यायनं आयकलं," वैजयंती म्हणाली.

सोजरबाई उठून चालायला लागली होती.

वर्षं तिला मोजता येत होती. ती बासष्ट वर्षांची होती. तीन वर्षं आत गेलीच होती, ती शिक्षेतून वजा होतील असं मॅडमनी सांगितलं होतं. पाच झाली तर उरली दोन. दहा झाली तर सात. सात वर्षांनी कोणी कुलूप उघडायला असेल का नाही, हे मारुतीलाच ठाऊक. गावात शिरताना देवळाच्या दाराशी ती थांबली. आत खुंटीला नवऱ्याचा मृदंग अजून टांगलेला होता. भजनी मंडळींनी आठवण म्हणून ठेवलेला. उंबऱ्याच्या बाहेरूनच तिनं नमस्कार केला, एका हातानं. बराच वेळ केला.

घरी सहा खुर्च्या भिंतीशी ओळीनं होत्या. वैजयंती एकीवर बसली आणि तिनं पिशवीतून वही काढली. सोजरबाई सवयीनं खाली बसायला लागली.

"वर बसा काकू."

सोजरबाई समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली. तीन वर्षांत या घरात दोन माणसं समोरासमोर बसल्याचं तिला आठवेना. ती सांगत गेली, वैजयंती लिहीत गेली. मुसळाचं सांगितलं. कोठीचं सांगितलं. शेणाचं, शाळेचं, उशाच्या पुस्तकाचं. साहेबांना आपण काय काय खोटं सांगितलं तेही सांगितलं, आणि का, तेही. 'वावर आहे' असं मी म्हणाले, पण ते दुसऱ्याला पेरायला दिलं आहे, एका हातानं मला शेत होत नाही. हरीओमशिवाय मला कोणी नाही. हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं, जणू तेही कोणाच्या कानावर पहिल्यांदाच घालत होती. नवऱ्याचं नाव घेताना ती अडली. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. वैजयंती म्हणाली, "मले ठाऊक हाय नाव, मी लिवते." आणि तिनं लिहिलं.

"वाच," सोजरबाई म्हणाली.

वैजयंतीनं सुरुवातीपासून वाचलं. सोजरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. "'...माझा हात मोडला. त्यानंतर गावातल्या एकाने मला अकोल्याला दवाखान्यात...'"

"थांब. एकाने म्हंजे?"

"मॅडम म्हनल्या होत्या न काकू."

"म्हनल्या. मी आयकलं." ती खुर्चीवर मागं सरकली, पहिल्यांदाच पाठ टेकून बसली. "त्यायचं बरोबर हाय. लेकरासाठीच बोलतात त्या. पण पाहाय वैजयंती, तीन वर्सं झाली, मी त्या कोर्टात बसतो. ललिता दोन बाकं सोडून मांगं बसते. तीन वर्सं तिनं काय आयकलं? तिचा नवरा भांडखोर होता, तिच्या नवऱ्यानं शिव्या देल्ल्या, तिचा नवरा अंगावर धावला. येक माणूस चांगला बोलला नाही. अन तो किती चांगला होता हे या दुनियेत ठाऊक असलेली मी येकटी हावो. मी मेली का संपलं."

"वर्स वाढतीन, काकू."

"वाढतीन." बराच वेळ ती त्या रिकाम्या चार खुर्च्यांकडं पाहत राहिली. "येकदा घर झाकाले गेली तं पोराची बाजू गेली. आता पोरगं झाकाले जाऊन जगदेवची कशी जाऊ देऊ? ते 'येकाने' खोड. जगदेव लिव. टावेलानं बांधून नेलं ते लिव. दोन दिवस राह्यला ते लिव. अन नऊ वर्स कोनाले बोलला नाही, ते बी लिव."

वैजयंतीनं खोडलं आणि लिहिलं. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरली. सोजरबाई उठली, वाकून त्या कागदाकडं बघितलं, जणू नाव कुठं आहे ते तिला दिसणार होतं. मग तिनं वैजयंतीच्या मनगटाला हात लावला.

"अन बाई, उद्या वाचशीन तवा तुहा आवाज बारीक होते, मले ठाऊक हाय. मालकाचं येईन तिथं बारीक झाला तं चालीन. पण जगदेवचं येईन तिथं नको करू. मांगं दोन बाकं सोडून ललिता बसलेली राहीन. तिले आयकू जाईन, इतक्या जोरानं वाच."